दाजींची मोकळी जागा

आक्का गेली. तिला तळेगावच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा खाली निजवायला घरात जागा नव्हती. सोफा दारातून निघेना. बिजागऱ्या खोलून दार काढलं, सोफा बाहेर ठेवला, मग तिला आत घेतलं. तोवर अर्धा तास ती ओट्यावर होती.

त्या दिवसापासून आमचे दाजी वस्तू सोडायला लागले. आणि या कामात त्यांच्याइतका चिकाटीचा आणि त्यांच्याइतका अपयशी माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणार भाजे. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला जे बंगले आहेत, त्यांतल्या तीन-चार बंगल्यांची राखण करण्यात त्यांची उमर गेली. बंगल्यांचे मालक वर्षातून चार-पाच दिवस येत आणि दर दोन-तीन वर्षांनी आतलं सामान बदलत. जुनं सामान दाजींना मिळे. हे जुनं सामान म्हणजे बहुतेक वेळा कुणी न वापरलेलं सामान. त्याला नको म्हणणं दाजींना जमत नसे. 'चांगली वस्तू हाय, टाकायची कशी?' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी घर भरलं. टेम्पोने मळवलीपर्यंत आणि तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून तीन सोफे आले, काचेची कपाटं आली, चौदा पडदे आले आणि घराला खिडक्या होत्या चार. पळण्याचं यंत्र आलं, त्याच्या पट्ट्यावर आक्का मिरच्या वाळवी. उंची पेल्यांसाठी केलेल्या कपाटात ती भोपळ्याच्या आणि घेवड्याच्या बिया ठेवी. अंघोळीचा टब गोठ्यात गेला आणि म्हैस त्यातून पाणी पिऊ लागली. मी लोणावळ्याच्या एका वाचनालयात काम करत असे. सुट्टीच्या दिवशी भाज्याला गेलो की दारातून आत जाताना अंग आडवं करावं लागे. आक्का चहा ठेवता ठेवता म्हणायची, "सांबाळून ये रे बाबा. ह्यांच्या सामानात मी मेले तर सापडायची बी न्हाई." दाजी हसायचे. मीही हसायचो.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले आणि दाजींनी पहिल्यांदा तो सोफा देऊन टाकला. धबधब्याच्या वाटेवर भज्यांची टपरी आहे, तिथे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची भिजलेली माणसं अजून त्याच्यावर बसून भजी खातात. पळण्याचं यंत्र कार्ल्याच्या तालमीत गेलं. गावातल्या बौद्ध विहारासाठी त्यांनी झुंबर नेलं, तेव्हा तिथल्या कमिटीतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "दाजी, झुंबर चांगलं आहे, पण एवढे दिवे लावले तर लोक डोळे मिटून बसायचे कसे?" शेवटी त्यांनी त्यातले दोनच दिवे चालू ठेवले. चौदाच्या चौदा पडदे भात झाकायला गेले. टब मात्र राहिला. मी त्याबद्दल विचारलं, तर दाजी म्हणाले, "त्यो म्हशीचा हाय. दुसऱ्याची वस्तू आपून कशी देयाची?"

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्याला नोकरी करते. तिने वडिलांचं हे पाहिलं आणि तिला बरंच वाटलं. "अण्णा, याला मिनिमलिझम म्हणतात. पुण्यात लोक पैसे भरून हे शिकतात," ती म्हणाली. दाजींनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. तोही त्यांना जास्तीचा वाटला असावा. मला मात्र त्यांनी सुरुवात कशी करायची ते नीट सांगितलं. "पाव्हणं, आदी जड वस्तू काढायच्या. त्याला चार माणसं लागत्यात, म्हंजी मन फिरलं तरी लाज वाटती, माघारी घेता येत न्हाई. बारक्या वस्तू मागं ठेवायच्या. त्याच काढाय लय जड जात्यात." मग माझ्या खोलीतल्या पुस्तकांच्या चार कपाटांची आठवण त्यांना व्हायची. "तुमी कवा सुरवात करताय?" मी म्हणायचो, करतो. एकदा मी खरोखर सात पुस्तकं वाचनालयाला दिली आणि आठवड्याभरात त्यातली पाच वाचायला म्हणून घरी आणली. हे मी दाजींना सांगितलं नाही.

त्यांचं स्वतःचं म्हणून घरात शेवटी दोन सदरे, दोन पायजमे, एक टोपी, एक घोंगडी, फोन, आणि चहाचा एकच कप राहिला. मी गेलो की आधी मी चहा प्यायचो, कप विसळला जायचा, मग दाजी प्यायचे. एवढ्यात गप्पांचा धागा तुटायचा, म्हणून पुढच्या खेपेला मी घरून माझा कप नेला. निघताना त्यांनी तो मला परत दिला. त्यात दोन मुठी इंद्रायणी तांदूळ होते. "रिकामा कसा देयाचा?" ते म्हणाले. मालगाडीने खोळंबवलेल्या लोकलमध्ये मी मांडीवर कप धरून बसलो होतो, आणि समोरच्या बाई मी कुठल्या देवाला चाललोय ते विचारत होत्या.

या 'रिकामं कसं देयाचं'पाशीच दाजींचं सगळं अडलं. जड वस्तू गेल्या. उरली आक्काची भांडी. लग्नात मिळालेली, नंतर बारशाला, वास्तुशांतीला, ओटीभरणाला मिळालेली पातेली, डबे, ताटं, वाट्या, एक मोठी परात. प्रत्येकावर आक्काचं नाव घातलेलं. गावात भांड्यावर नाव घालतात ते एवढ्याचसाठी, की कार्यात भांडी एकमेकांत मिसळली तरी ती आपल्या घरी परत जावीत. दाजींनी समोरच्या घरातल्या मावशींना एक पातेलं दिलं आणि सांगितलं, ठेवा तुम्हालाच. मावशींनी ठेवून घेतलं. चार दिवसांनी त्याच पातेल्यातून घेवड्याची भाजी आली. परात शेजारच्या आळीत दिली, ती भरून हरभऱ्याचे घाटे आले. डबा दिला, तो लाडू घेऊन आला. दाजी ओट्यावर उभे राहून म्हणायचे, "अवो, दिलंय तुमाला. परत कशापायी?" मावशी म्हणायच्या, "दाजी, नाव तिचं हाय. माज्या मांडणीत दुसरीच्या नावाचं भांडं कसं दिसंल? आन् रिकामं आणलं असतं तर तिनं वरून शिव्या दिल्या असत्या." भरलेलं भांडं दारातून परत पाठवायची रीत आमच्याकडे नाही. दाजी भांडं घ्यायचे. म्हणजे एक पातेलं सोडायला निघालेल्या माणसाकडे पातेलंही राहिलं आणि वर भाजीही आली. दोन महिन्यांत त्यांचं वजन वाढलं.

मग त्यांनी कामशेतला जाऊन भांड्यांवर नाव घालणाऱ्या माणसाला गाठलं आणि पिशवीभर भांडी त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "ही नावं काढून देयाची." तो म्हणाला, "आबा, हे नाव घालायचं मशीन हाय. काढायचं मशीन अजून कुणी केलं न्हाई." दाजी थोडा वेळ तिथेच बाकड्यावर बसले. त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी पातेल्यावर नाव घालायला घेतलं होतं, त्याची कर्र कर्र ऐकत राहिले. मग पिशवी उचलून घरी आले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, आणि ती पिशवी जाताना हलकी होती, येताना जड झाली असं म्हणाले. भांडी तेवढीच होती.

त्यानंतर जे त्यांना सुचलं ते दाजींनाच सुचू शकतं. भांडं थांबलं तर वस्तू, फिरत राहिलं तर नाही, असा त्यांनी हिशेब लावला. मावशींकडून तांदूळ आले की त्यातले अर्धे तांदूळ दुसऱ्या पातेल्यात घालून ते पातेलं खालच्या आळीला. तिथून शेंगा आल्या की त्या विहारामागच्या मास्तरांकडे. मास्तरांच्या घरून वांगी आली की ती मावशींकडे. आक्काची सगळी भांडी गावात फिरतीवर गेली. कुठल्याही दिवशी दाजींच्या घरात दोन किंवा तीन निघत. कुठलं भांडं कुणाकडे आहे हे त्यांना पाठ होतं आणि एखादं आठवडाभर एकाच घरी बसलं, तर ते जाऊन खडसावत. "परात दमली का काय तुमच्याकडं?" गावातल्या बायका हसायच्या, पण ज्यांच्यात बोलणं बंद होतं अशा दोन घरांमधूनही आक्काचा डबा जाऊ-येऊ लागला. दाजी मध्ये होते म्हणून चालून गेलं.

घराच्या मधल्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत दाजींनी एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे ते काही ठेवत नसत, घोंगडीही पलीकडे अंथरत. एकदा मी माझी पिशवी तिथे टेकवली, तर त्यांनी ती उचलून खुंटीला लावली.

"दाजी, इथं काय ठेवायचंय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग?"

"मोकळी ऱ्हावी."

बऱ्याच वेळाने, मी चपला घालत असताना, ते दाराच्या बिजागरीवर बोट ठेवून म्हणाले, "त्या दिशी तिला अर्धा तास भाईर ठेवली, पाव्हणं. ऊन आलं व्हतं ओट्यावर. त्यो सोफा मीच दार काढून आत आणला व्हता, आन् त्या येळी मलाच आठवंना, कसा आणला त्ये. चौघं ओढत व्हते, मी बगत व्हतो." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेही बिजागरीकडेच पाहत होते. "माज्या टायमाला कुणाला काय उचलाया लागू नये," ते म्हणाले. "एवडं जमलं म्हंजी झालं."

यंदा भाताची झोडणी संपल्यावर एका सकाळी समोरच्या मावशींचा फोन आला. "भाऊ, या. दाजी उठंनात." मी मळवलीला उतरून चालत गेलो. दार सताड उघडं होतं. मधल्या खोलीत, त्या मोकळ्या जागेत, त्यांना निजवलं होतं. मी मावशींना विचारलं, काही हलवावं लागलं का. त्या म्हणाल्या, "काय बी न्हाई. घोंगडीवरनं उचललं आन् हितं ठेवलं." त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. नदीवरून आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, आणि बायका येऊ लागल्या. मावशींनी पिठलं आणलं. खालच्या आळीतून भाकरी आल्या. मास्तरांच्या सुनेने भात आणला. कुणी वरण, कुणी नुसतं ताक. आणलेलं मोकळ्या जागेत टेकवत गेल्या, कारण दुसरीकडे जागा असली तरी पाय तिकडेच वळत होते. भाची भिंतीला टेकून बसली होती. तिने ताकाच्या डब्यावरचं नाव वाचलं, मग शेजारच्या पातेल्यावरचं, मग परातीवरचं. गावातली सगळी भांडी एकाच दिवशी घरी आली होती. दारापासून खिडकीपर्यंत आक्काचं नाव होतं.

"सगळी आलीत," भाची म्हणाली. "मामा, आता ही आत लावून ठेवायची का?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "लावून ठिवलीस तर तुजा बाप उठून येईल. जेव आदी."

दाजींचे दिवस झाल्यावर भाचीने कोठीतले तांदूळ काढले आणि ज्याने जे भांडं आणलं होतं, ते त्यालाच मूठमूठ तांदूळ घालून परत केलं. एक वाटी उरली. ती कुणी आणली होती ते कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून ती माझ्याकडे आली.

आता भाज्याचं घर बंद आहे. म्हैस आणि तिचा टब मावशींकडे आहेत. भांडी गावात फिरतात. माझी पुस्तकांची कपाटं चारच आहेत. वाटी माझ्या टेबलावर आहे, त्यात मूठभर तांदूळ आहेत, आणि ती मी अजून कुणाला दिलेली नाही.