माचीचे स्क्रू

माझा नवरा तारापूरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. हा स्क्रूंच्या मागे लागला.

निमित्त सासूबाईंचं. त्या एडवणला वाडीतल्या घरात धाकट्या दिरांकडे राहतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालतात, आणि तिथलं मागचं अंगण म्हणजे सगळी वाळू. वॉकरचे पाय रुतायचे. जिचा अर्धा जन्म मागच्या दारी गेला, ती बाई खाटेवर पडून पंखा बघत बसली. म्हणून मागच्या दारापासून सुरूच्या झाडांपर्यंत लाकडी माची करायचं ठरलं, म्हणजे त्यांना आपल्या पायांनी चालत जाऊन समुद्र दिसेल अशा जागी बसता येईल. चौकट तयार झाली, फळ्या आल्या. फळ्या चौकटीवर बसवायच्या तेवढ्या उरल्या.

खाऱ्या हवेत साधा खिळा टिकत नाही, हे मलाही मान्य. एडवणच्या घरात कडीकोयंड्यापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं गंजतं. म्हणून आम्ही बोईसरच्या बाजारात न गंजणारे स्क्रू बघायला गेलो. नवऱ्याच्या खिशात लोहचुंबक. दुकानदाराने स्टेनलेस म्हणून पुढे केलेल्या प्रत्येक स्क्रूला हा चुंबक लावणार, आणि चिकटला की दुकानदाराकडे असा बघणार, जणू त्याने याच्या खिशात हात घातलाय. नाही चिकटला तरी समाधान नाहीच. "समुद्राजवळ तीनशे सोळा नंबरचंच स्टील लागतं, ते चुंबकाला काय कळतंय," असं मलाच ऐकवायचा. मग चुंबक घेऊन हिंडायचं कशाला, हे विचारायचं मी कसंबसं टाळलं.

आमच्या भागात आणखी एक खोड आहे. बाजारातल्या मालावर कुणाचा विश्वास नाही, सगळ्यांचा कारखान्यातून घरी आलेल्या 'कंपनीच्या माला'वर. सरावलीत आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पसरायचा अवकाश, जो तो बिस्किटाच्या जुन्या डब्यातून मूठमूठ स्क्रू घेऊन यायला लागला. "केमिकलच्या टाकीचे आहेत, मरेपर्यंत गंजणार नाहीत." कुंभवलीहून चुलत नणंदेचे यजमान तर आख्खा डबाच घेऊन आले. नवऱ्याने एडवणहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं, माझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्यांमध्ये ओतलं आणि प्रत्येक वाटीत एकेक स्क्रू सोडला. घरात वाटी म्हणून उरली नाही. आमटी मी पेल्यातून वाढत होते.

रोज संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "काय गो, ठरलं का नाय अजून?"

"स्क्रू भिजत ठेवलेत, आई."

"एवड्या वेळात पावटे मोडावले असते."

अखेर एक स्क्रू पास झाला आणि एडवणला सुतार बोलावला. त्याने पहिला स्क्रू फळीवर धरला आणि सरळ हातोडीने ठोकायला घेतला. बराचसा आत गेल्यावर पेचकस काढून दोन वेढे दिले. आमच्याकडे सुतार वर्षानुवर्षं असेच स्क्रू बसवतात. नवऱ्याचा चेहरा बघवेना.

"अरे, आटे मोडतात ना त्याने. खिळा आहे का तो?"

"ठोकल्याबिगर पक्का बसत नाय," सुतार म्हणाला. "माज्या हातच्या खिडक्या गावात अजून हायत."

शब्दाने शब्द वाढला आणि सुतार हत्यारं उचलून निघून गेला. आता मीच करतो, नवरा म्हणाला, पण त्याआधी चांगलं ड्रिल मशीन बघायला हवं. दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या सासूबाई आत वळल्या. तेव्हा मात्र मला खरंच संताप आला. म्हातारीचे दिवस खाटेवर सरत होते आणि हा मशीन बघणार होता.

पुढच्या रविवारी मशीन घेऊन गेलो तर खाट रिकामी. मागच्या दारी चौकटीवर सगळ्या फळ्या नुसत्या मांडलेल्या, एकाही फळीला स्क्रू नाही, आणि पार टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत सासूबाई. दिरांनी आईच्या हुकमावरून फळ्या तशाच मांडून दिल्या होत्या.

"आई, ऊठ. फळी सरकली तर पडशील," नवरा म्हणाला. इतके दिवस त्याच्या डोक्यात गंज नव्हता, आईचं पडणं होतं, हे मला तेव्हा समजलं. "वीस वर्षं हलणार नाही अशी करून देतो तुला."

सासूबाईंनी मान वळवली नाही. समुद्राकडे बघतच त्या म्हणाल्या, "वीस वर्सं तुमी बसा रे. मला आज बसू दे."

मग दाराजवळच्या फळीपाशी गुडघे टेकून त्याने मशीन सुरू केलं. जेवणवेळेपर्यंत सगळी माची पक्की झाली. खुर्चीखालच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. सासूबाई उठल्या नाहीत, आणि नवऱ्याने त्यांना उठवलं नाही.