बापाची फरशी

सन २०२३. दिवाळी उलटून थंडी पडली होती, ऊसतोड सुरू झाली होती. तेव्हा मी लासुर्ण्यात महादू आबांच्या घरी फरशीचं काम धरलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं हातात थापी आली ती आजपर्यंत आहे. जुनी फरशी उचलली की खाली मुंग्या निघतात आणि किस्से निघतात. मुंग्या निघून जातात, किस्से माझ्याकडं साठतात.

आबांच्या वडलांनी घरात शहाबादी घातली होती. जाड, निळसर, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. आबांनी मधल्या काळात ती काढून चकचकीत टाइल्स बसवल्या. जुनी फरशी निम्मी गोठ्यात गेली, निम्मी गावात वाटली. मग टाइल्सवर घसरून आबा पडले. मग परत पडले.

सून सोनाली म्हणाली, "आबा, पुण्यात लोक जुनी फरशी हुडकत हिंडत्यात. आपण ती म्हशीखाली घातली."

धाकट्या मुलाचा साखरपुडा घरातच ठरला होता. आबा मला म्हणाले, "मिस्त्री, पाहुणं माझ्या बापाच्या फरशीवर बसलं पायजेत. त्येच्या आधी काम उरकायचं."

काम उरकायला घेतलं.

*

पहिली फरशी गोठ्यातून काढली. घरातल्या टाइल्स निघाल्या होत्या, आबा म्हणाले त्या गोठ्यात टाका. टाकल्या.

संध्याकाळी म्हैस आली. दारात थांबली. टाइलवर एक पाय ठेवला, उचलला, मागे सरकली. पेंड दाखवली, दावं ओढलं, मागून दोघांनी रेटलं. नाही म्हणजे नाही!

आबा तिच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "हिला अक्कल हाय. माझ्याकडं न्हवती."

टाइल्स पुन्हा काढल्या. गोठ्यात मुरूम टाकला.

*

गावात वाटलेली फरशी गोळा करायला आबा स्वतः निघाले. सगळी दारं फिरले, एक सोडून. ते दार धाकट्या भावाचं, पांडुरंगचं. मधे एक भिंत. दोघांचं बोलणं बंद.

सखूकाकी त्यांच्या वाट्याला आलेल्या फरशीवर कपडे धूत होत्या. म्हणाल्या, "न्या की. पण आता मी धुनं कुठं आपटू? तुमच्या घरी पाठवू का?"

आबा अडकले. म्हणाले, "पाठवा."

धुणं आलं. सोनालीनं मशीनमध्ये टाकलं, वाळवून घडी करून परत दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. काम चालू होतं तोवर येत राहिलं. शेवटी आबा म्हणाले, "काकी, तुमचा दगुड परत आणून देतो."

काकी म्हणाल्या, "राहू द्या. मला काय घाई न्हाय."

*

काही फरशा उचलतानाच फुटल्या. जोड हवा म्हणून मी इंदापूरला हायवेवर जुन्या मालवाल्याकडं गेलो. त्यानं एक थप्पी दाखवली. "तात्या, शंभर वर्षांचा माल. वाड्यातला."

मी एक फरशी उलटी केली. खाली खाणीचा नंबर लाल रंगात. बोट फिरवलं. बोट लाल झालं.

मी म्हणालो, "शंभर वर्षं झाली, अजून वाळला न्हाय."

तो म्हणाला, "तवाचा रंगच तसा असायचा!"

मागच्या कोपऱ्यात खरा जुना माल पडला होता. तो मी निवडून बाजूला काढला.

*

तो माल आणायला रावसाहेब टेम्पोवाल्याला पाठवला. त्याला बजावलं, फरशी उभी लाव. उभी फरशी हादरा सोसते, आडवी मोडते. "व्हय व्हय," म्हणाला, आणि आडवी रचली. उभी केली की फाळक्याच्या वर दिसते, पोलीस अडवतात, असं त्याचं मत.

टेम्पो दारात लागला. मी मागचा फाळका खाली केला. आत बघितलं. रावसाहेबाकडं बघितलं.

तो म्हणाला, "तात्या, सांगितल्यापेक्षा जास्तच आणल्यात."

*

तुकडे मी कडेकडेनं, भिंतीलगत बसवले. तिथं नजर जात नाही. सगळी जमीन झाली. बरोबर मधली एक फरशी राहिली. तिथं तुकडा चालत नाही.

ती फरशी कुठं होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. पांडुरंगनं मुलीच्या लग्नात ती उसनी नेली होती, हळदीचं न्हाण घालायला. त्याच लग्नात आबांच्या आधी सरपंचांना फेटा बांधला. आबा जेवण न करता उठले. फरशी तिकडंच राहिली, बोलणं तिथंच थांबलं.

मी म्हणालो, "मी मागून आणतो."

"मागायची न्हाय."

"मग दुसरी बसवतो."

"बसवायची न्हाय. त्यो आणंल तवा बसंल."

मी भिंतीपलीकडं नुसतं सांगायला गेलो. पांडुरंग म्हणाला, "दादानं तोंड उघडावं. मी काय पळून गेलोय का?"

साखरपुड्याच्या सकाळी खड्डा तसाच. वरून सतरंजी टाकली. पाहुणे आले. नवऱ्या मुलीचे मामा ऐटीत मधोमध चालत आले आणि घोट्यापर्यंत आत गेले.

"अहो, हितं खड्डा हाय!"

आबा म्हणाले, "तितं फरशी यायची हाय."

"कवा?"

आबांनी पांडुरंगच्या भिंतीकडं बघितलं. त्या भिंतीतून सगळं ऐकू जातं.

थोड्या वेळानं दारात पांडुरंग उभा. पांढरा सदरा, खांद्यावर फरशी. सदऱ्याला माती लागलेली. पाहुण्यांनी वाट दिली. तो आबांसमोर येऊन म्हणाला, "उसनी नेलती."

आबांनी सतरंजी स्वतः गुंडाळली. मी पाटीभर सिमेंटचा माल कालवून आणला, थापला. दोघांनी दोन बाजूंनी फरशी धरून खाली सोडली. मी लेव्हल ठेवली, हातोडीच्या दांड्यानं ठोकली. बसली.

फेटे बांधायची वेळ झाली. पांडुरंगनं ताटातला पहिला फेटा उचलला आणि आबांच्या डोक्याला स्वतःच्या हातानं बांधला.

सरपंच रांगेत उभे होते.