कार्बनखालची प्रत

परवा टायपिंगच्या क्लासमध्ये कार्बन पेपरचा मेणकट वास आला आणि मी शाळेत असतानाची एक दुपार आठवली. बाबा कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कारकून होते. केंद्राला लागून असलेल्या गावाहून मामा आला होता. त्याने आणलेली आंबाडीची जुडी हातात घेताच आईची बोटं राखेने करडी झाली. गावाने नव्या चिमणीविरुद्ध अर्ज द्यायचं ठरवलं होतं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून तो मी लिहायचा. आणि तो जाणार होता बाबांच्याच साहेबांकडे. बाबा भडकले. “चिमणी नको? मग विहिरीवरचा पंप काढ अन् पुन्हा मोट लाव ना गा!” “पंप पाहिजेच, भाऊजी. पण पोट्टे खोकलून राहिले, त्याचं काय?” मी कागदावर नुसती तारीख घालून ठेवली. आईने भाजी तीनदा धुतली, तरी शेवटचं पाणी करडंच निघालं. बाबा ते पाहत राहिले. मग त्यांनी कपाटातून निळा कार्बन काढला आणि माझ्या कागदाखाली सरकवला. “एक प्रत गावात ठेवजो, अन् तिच्यावर आमच्या ऑफिसचा शिक्का मारून घेजो,” ते मामाला म्हणाले. “नाहीतर आम्हीच म्हणतो, अर्ज आलाच नाही.” चिमणी पुढे उभी राहिलीच. क्लासमधल्या बाई विचारतात, न सांगता तू दरवेळी जास्तीची प्रत का काढतेस? मी नुसती हसते, आणि ती घडी घालून पर्समध्ये ठेवते.