ठकीआत्याचा पेंढा

भात झोडून झालं की आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि मी पोशेरा गावात ठकीआत्याकडे राहायचे. ती बापाची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गोठ्यात एक बैलजोडी. आषाढात घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपली की ती रानातून कडूकंद खणून आणायची. काप करायची, राखेच्या पाण्यात उकळायची आणि टोपलीत भरून ओढ्याच्या धारेत ठेवायची. कडूपणा वाहून जाईपर्यंत हात लावायचा नाही. "घाई केलीस तर घसा धरंल," म्हणायची. पोटात भूक आणि समोर अन्न, तरी थांबायचं. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मला आश्रमशाळेत घातलं ते आत्याने. जव्हारला कॉलेजात पाठवलं तेही तिनेच. पुढे शहरात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. विषयाचं नाव लांबलचक: पुनर्नवीकरणक्षम जैविक संसाधने आणि तंत्रज्ञान.

"म्हंजे काय?" आत्याने विचारलं.

"जे कापलं तरी परत उगवतं, ते नीट कसं वापरायचं त्याचं शिक्षण."

"ते तर आमी करतोच. तुला त्याची डिगरी देतात व्हय?"

प्रकल्प ठरला भाताच्या पेंढ्यापासून जळणाच्या कांड्या करायचा. आमचे मार्गदर्शक सर स्वतः जीपने नमुने न्यायला पोशेऱ्यात आले. मी पुढे होऊन आत्याच्या मांडवावरचा पेंढा पोत्यांत भरू लागले. पोरगी सरांना घेऊन गावात आली, याचाच मला तोरा. तेवढ्यात सरांनी सहीसाठी कागद काढला.

"आधी वाच," आत्या मला म्हणाली.

मी वाचलं. "शेतातील कचरा देण्यास माझी हरकत नाही."

"कचरा कोनाला म्हनतंस?"

सर हसले. "आजी, शास्त्रात तसंच म्हणतात."

"मंग तुमच्या शास्त्राला बैल नाय." आत्याने पोतं हिसकावून जमिनीवर उलटं केलं. "हा बैलांचा उन्हाळा हाय सायेब. बैल उपाशी मेलं तर नांगराला तुमी येनार का? या, जू तुमच्या मापाचं करून घेते."

सर कागद खिशात घालून जीपमध्ये बसले, मीही बसले. वाटेत म्हणाले, "विषय बदललास तर एक सत्र वाया जाईल. विचार कर. शिकलेली आहेस तू." सत्र वाया म्हणजे वसतिगृहाची खोली जाणार आणि घरी बाप म्हणणार, पुरे झालं शिक्षण. मी आत्यावर इतकी भडकले की महिनाभर तिला फोन केला नाही.

मग प्रबंधासाठी आधार शोधायला बसले. आमच्या तालुक्यात पेंढा वाया जातो, शेतात जाळतात, असं सरांच्या टिपणात लिहिलं होतं. कुठल्या पाड्यावर? कुणी पाहिलं? लांबच्या सपाट मुलखातली गोष्ट उचलून आमच्या डोंगराला चिकटवली होती. आणि ती मी, याच डोंगरातली पोर, निमूट उतरवून घेतली होती. सरांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

विषय बदलायचा ठरवला आणि पोशेऱ्यात गेले. आत्या रुसली नव्हती. तिने कोयता हातात दिला. "घानेरी ने. माळ खाल्ला तिनं, गुरं तोंड लावत नाय. न्यायची तर मुळासकट ने."

चार दिवस दोघींनी घाणेरीची काटेरी झुडपं खणली. हात ओरबाडून निघाले. त्यांची पहिली कांडी मी आत्याच्या चुलीत पेटवली. तिने भाकरी भाजली, तुकडा मोडला, चावला. "धूर कमी हाय. पन भाकरीला वास मारतो. अजून शिक."

वास गेला तो अकराव्या खेपेला. ती भाकरी खायला आत्या नव्हती. तापात गेली; उपचार वेळेवर मिळाला असता तर वाचली असती. दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार टळली होती. हे मी शांतपणे लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढा पेंढा उपलब्ध असताना घाणेरी का?" सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पेंढा उपलब्ध नाही. तो बैलांचा आहे."

एक सत्र उशिरा, पण पहिल्या श्रेणीत मी एम.एस्सी. झाले. आमच्या पाड्यावरची पहिली.