ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात

बाईंविषयी मी लिहावं एवढा मी कोणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे लांब लिहायची मला सवय नाही. बाईंना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं गावात आहेत, पण ती लिहीत नाहीत. म्हणून मीच धजलो आहे. काही कमीजास्त झालं तर समजून घ्यावं.

बाई म्हणजे आमच्या डाकबाई. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीकडच्या जंगलात आमचं गाव आहे. गावाचं पोस्ट बाईंच्या घराच्या ओसरीवर होतं. शिक्का त्याच मारत आणि टपाल वाटायलाही त्याच जात. त्यांचा एक नियम आजूबाजूच्या पाच गावांना पाठ होता. पाकीट ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात. बायकोचं पत्र त्यांनी कधी नवऱ्याच्या हाती दिलं नाही, पोराचं बापाच्या हाती दिलं नाही. बारावीनंतर माझं चंद्रपूरच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा मी बांधीत भाताची रोवणी करत होतो. वडील घरी होते. त्यांनी हात पुढे केला तर बाई म्हणाल्या, "भाऊ, याच्यावर तुमचं नाव हाय का?" वडील हसले आणि बाजूला झाले. बाई चिखल तुडवत बांधीपर्यंत आल्या आणि मी हात धुऊन येईपर्यंत शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. माझ्या नावानं घरी आलेली ती पहिली वस्तू. तोवर माझं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं.

पुढे मी कॉम्प्युटर शिकतो हे गावाला कळलं, आणि त्याच वेळी आमच्या ग्रामसभेचा मध विकला जाऊ लागला. बाया मध गाळत, बाटल्या भरत. नागपूरची गिऱ्हाइकं म्हणू लागली की इंटरनेटवर तुमचा पत्ता असू द्या. असा पत्ता म्हणजे डोमेन नोंदवावा लागतो. तो कायमचा विकत मिळत नाही, दरवर्षी नव्यानं चालू ठेवावा लागतो, आणि ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या असतात. हे सगळं मी वर्गात शिकलो होतो. तरी मी बल्लारपूरच्या एका वेबसाइटवाल्याकडे गेलो. पहिलं वर्ष फुकट, असं तो म्हणाला. गावाच्या नावाचा पत्ता त्यानं दहा मिनिटांत नोंदवून दिला. मी गावात येऊन सांगितलं, आणि बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर तो पत्ता छापूनही झाला.

सगळे खूश होते. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "नाव कोनाच्या नावावर हाय?"

आपल्याच, मी म्हणालो.

"दाखव."

कोणता पत्ता कोणाच्या नावावर आहे ते पाहायची सोय असते. आमच्या गावात रेंज फक्त टेकडीवर मिळते. बाई माझ्याबरोबर टेकडी चढल्या. मी मोबाइलवर नोंद काढली. मालक म्हणून त्या बल्लारपूरवाल्याचं नाव, त्याचाच फोन, त्याचाच मेल. माझे कान तापले. उद्या त्यानं मनात आणलं तर आमच्या मधाचं गिऱ्हाईक तो कोणाच्याही दुकानात नेऊ शकला असता, आणि आम्हाला ब्र काढता आला नसता. गावाचं नाव मी परक्याच्या हाती देऊन आलो होतो. बाई मला रागावल्या नाहीत. एका दगडावर बसून म्हणाल्या, "पाकीट चुकीच्या घरी गेलं तं डाकवाल्यानं रडाचं नसते, वापस आनाचं असते."

आम्ही दोघं बल्लारपूरला गेलो. बाईंच्या पिशवीत ग्रामसभेचा ठराव होता, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे असलेला. दुकानदार वाईट माणूस नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. तो सगळ्यांचीच नावं स्वतःच्या नावावर नोंदवायचा, कारण त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, माझ्याकडे सुरक्षित आहे, काळजी कशाला करता? बाई म्हणाल्या, "सुरक्षित असन, मी नाई कुठी म्हनते? पन आमचं पाकीट तुमच्या खिशात काऊन, तेवढं सांगा." त्यानं सांगितलं की नवी नोंद साठ दिवस दुसऱ्या कंपनीत हलवता येत नाही. ते खरं होतं, मी मान हलवली. बाईंनी तारीख लिहून घेतली, एकसष्टाव्या दिवशी येतो म्हणाल्या, आणि त्याच्याकडून चहा न घेता उठल्या.

हे साठ दिवस मी विसरणार नाही. नाव परत घेऊन ठेवायचं कुठे, हे ठरवायचं होतं. मी पाच कंपन्यांची यादी केली आणि जिच्या जाहिराती जास्त ती वर ठेवली. बाईंनी यादी वाचली आणि विचारलं, यातल्या कोणाला नोंदणीचा परवाना आहे आणि कोण दुसऱ्याच्या परवान्यावर दुकान चालवते? मी शोधून काढलं, तेव्हा दोन नावं तिथंच गळाली.

मग बाई रोज टपाल वाटून झालं की टेकडी चढायच्या आणि उरलेल्या तीन कंपन्यांना फोन करायच्या. हिंदी त्यांची आमच्यासारखीच, पण त्या अडखळत नसत. पहिला प्रश्न नेहमी असा, ज्याचं उत्तर आम्ही आधीच शोधून ठेवलेलं असे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माहीत असलेल्या रस्त्यावर कोनी खोटं चालते का, ते पयले पाहाव." मग पुढचे प्रश्न. दुसऱ्या वर्षी काय घ्याल? पैसे भरायला उशीर झाला तर नाव किती दिवस धरून ठेवाल? आणि प्रत्येकाला हमखास, "आमाले तुमच्याकडून निघून जाचं असन तं कसं निघाचं?" निघण्याचं नाव काढल्यावर एकीकडचा माणूस गोड बोलायचा थांबला. दुसरीकडचा सारखा सांगत राहिला की ऑफर आजच संपते. बाईंनी फोन ठेवला. ज्याला एवढी घाई आहे त्याच्याकडे गावाचं नाव ठेवायचं नाही, म्हणाल्या.

तिसऱ्या कंपनीतला पोरगा एका प्रश्नाला अडला. म्हणाला, मला माहीत नाही, विचारून सांगतो. मला वाटलं, ही कंपनी गेली. बाई मात्र तीन दिवस त्याच वेळेला टेकडीवर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागला. तो म्हणाला, मी चार वेळा लावला, तुमचा नंबर लागत नव्हता. आणि त्यानं उत्तर दिलं, आम्ही पडताळलं तर ते बरोबर निघालं. उतरताना बाई म्हणाल्या, "माहीत नाई म्हनाले हिंमत लागते, बाबू. याच्याकडं ठेवू." मला दोन वर्षांच्या पुस्तकांत हे कुठे सापडलं नव्हतं. मी त्यांच्या मागून उतरत होतो आणि मला त्यांच्याकडे पाहायलाही संकोच वाटत होता.

पण आमच्या ग्रामसभेत एकही माणूस नको म्हणाला तर निर्णय होत नाही. आणि लालसू आजा नको म्हणाला. आयुष्यात त्यानं मोबाइल हातात धरला नव्हता. त्यानं विचारलं की चावी एका माणसाच्या हाती राहिली आणि तो माणूस फिरला, नाहीतर मेला, तर काय? काही पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी चढल्या. त्या कंपनीत अशी सोय निघाली की नोंदीत दोन माणसं ठेवता येतात आणि कोणताही बदल दुसऱ्याच्या होकाराशिवाय होत नाही. तिसऱ्या सभेत लालसू आजानं मान डोलावली. मालक ग्रामसभा, एक माणूस बाई, दुसरा मी. माझ्या चुकीनंतरही माझं नाव घातलं, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

एकसष्टाव्या दिवशी आम्ही बल्लारपूरला गेलो. दुकानदारानं नाव दुसऱ्या कंपनीत हलवायचा कोड काढून दिला, आणि आठवड्यात नाव घरी आलं. निघताना त्यानं बाईंना विचारलं की इतर गिऱ्हाइकांची नावंही मी त्यांच्या त्यांच्या नावावर करून देऊ का? बाई म्हणाल्या, "मले काऊन विचारता? त्याईले विचारा."

पुढे मी नागपूरला शिकायला आलो. यंदा परीक्षा चालू असताना कंपनीचा मेल आला. बाईंचं नाव काढून त्या जागी सुमनचं नाव घालण्याची विनंती आली आहे, तुमचा होकार कळवा. सुमन आमच्या बचत गटाची सचिव आहे, चांगली मुलगी. तरी मी तो मेल पुन्हा वाचला. बाई स्वतःचं नाव कशाला काढतील? कोणीतरी त्यांचा मोबाइल घेतला असेल असं वाटलं. मी होकार दिला नाही. बाईंना फोन केला, तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सुमनचा लागला नाही. शेवटी मी बाईंना मेल लिहिला की ही विनंती तुमची असेल तर तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

चौथ्या दिवशी बाईंच्या नंबरावरून फोन आला. बोलत होती सुमन. ती गडचिरोलीच्या दवाखान्यातून बोलत होती. बाई दहा दिवसांपासून तिथं होत्या. ग्रामसभेची संमती त्यांनी आधीच घेतली होती, आणि ती विनंती खाटेवर बसून स्वतःच्या हातानं पाठवली होती. माझी परीक्षा आहे म्हणून मला काही कळवू दिलं नाही, माझा फोन वाजला तर उचलू दिला नाही. रोज मात्र विचारायच्या, बाबूनं होकार दिला का?

"काल तुमचा मेल वाचून दाखवला, दादा," सुमन म्हणाली. "आयकून हासल्या. म्हनाल्या, बरं केलं त्यानं, आपल्या कानानं आयकल्याबिगर नाईच द्याचा. मंग पानी मांगतलं, निजल्या. सकाळी उठल्याच नाईत."