वेशीचा चुना आणि नवाबाच्या फेऱ्या

आमच्या घरात शिकवलेलं ध्यानात राहतं ते फक्त नवाबाच्या. नवाब हा आमचा बैल. मला आठवीपर्यंत शिकवून बघितलं, मग मास्तरांनी आणि मी एकमेकांना मोकळं केलं. आता मी गावापासून लांब, राजस्थानात बुंदीला असतो आणि जुन्या हवेल्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करतो. काम चांगलं, माणसं चांगली, जेवण गरम. तरी रोज सकाळी वाटतं, आज आपल्याला काढून टाकणार! (अजून काढलेलं नाही. त्यामुळे या लोकांचे उपकार कसे फेडायचे, ही वर आणखी एक काळजी.)

हे काम मी शिकलो आमच्याच गावच्या वेशीवर. आमचं गाव देवणीजवळ. वेस म्हणजे गावात शिरायची जुनी दगडी कमान. ती कुणी बांधली हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येक जण आपल्याच पणजोबांनी बांधली असं सांगतो. एका हंगामात कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली या कमानीखाली घातली गेली. आजूबाजूला उभी असलेली माणसं "बसते, बसते" म्हणत होती. बसली. चांगली घट्ट बसली! ओढून काढली तेव्हा कमानीचे वरचे दगडही उसावर बसून बाहेर आले.

गावातल्या एका उत्साही माणसानं आधी सिमेंट थापून बघितलं. ते उन्हाळ्यात पापडासारखं सुटलं. मग गावानं उदगीरहून इस्माईलचाचांना बोलावलं. चाचा चुन्याच्या कामातले उस्ताद. दाढी मेंदीनं लाल, आवाज भोंग्यासारखा, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक करायला त्यांना दुसऱ्या माणसाची गरज लागत नसे. मी रिकामाच होतो. त्यांच्या हाताखाली लागलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कमानीच्या पायाशी बसवलं. "ये देख. दोन दगडांच्या मधी नख जातंय का?"

"न्हाई जात."

"आन् ही बघ मासळी." दगडाच्या कोपऱ्यात बोटाएवढी मासळी कोरलेली होती. "ज्यानं घडवला त्याची सही हाय ही. लिहिता येत नसंल बिचाऱ्याला."

"म्हणजे माझ्यासारखाच होता की चाचा!"

"तेरे जैसा? आधी त्याच्या छिन्नीची रेघ बघ. तुझी उद्या बघतो, मग बोलू."

(दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी रेघ बघितली. बोलले नाहीत.)

जुन्या कमानीला चुनाच लागतो. आणि चुना म्हणजे पानाला लावतात तो नव्हे. त्यात वाळू, विटांची भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, भिजवलेलं उडदाचं पीठ! माझी माय हे सामान बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय करून राहिलेत हे? वेशीला डोहाळे लागलेत का?"

"अम्मा, ये खाके कमान मजबूत होती!" चाचा म्हणाले.

"मग माझ्या पोरालाबी घाला की थोडं."

चुना दळायला मशीन आणलं होतं. मशीन होतं तेव्हा लाईट नव्हती, आणि लाईट आली तेव्हा मशीन जळालं. चाचा म्हणाले, जुन्या पद्धतीनं दळू. जमिनीत गोल दगडी चर करायचा, त्यात भलंमोठं दगडी चाक उभं करायचं आणि बैलानं ते गोल गोल ओढायचं. याला म्हणायचं चुन्याची घाणी. चाक तर वेशीच्या मागं पडलेलंच होतं, पण त्यावर बसून गावचे म्हातारे राजकारण करत. त्यांना उठवणं हे सगळ्या कामातलं सर्वात जड काम!

आता बैल कुठून आणायचा? गावात ट्रॅक्टर झालेत. चांगले बैल उरलेत थोडे, आणि त्यात पहिला आमचा नवाब. पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, अस्सल देवणी. चाचांनी त्याच्याकडे बघितलं. माझ्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी, चाचांकडे बघितलं.

"घाणीला? नवाबाला?" अण्णांचा आवाज चिरकला. "पोळ्याचा मानाचा बैल हाय तो!"

मान म्हणजे काय ते सांगतो. पोळ्याला गावचे सगळे सजवलेले बैल वेशीबाहेर जमतात. कमानीला पानांचं तोरण बांधतात. मानाचा बैल पहिला आत शिरतो, तोरण तोडतो, मग बाकीचे. त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. हा मान पिढ्यान् पिढ्या पाटीलकाकांच्या घरी. पण काकांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला. (त्याला झूल घालून पुढं काढू, असंही त्यांनी म्हणून बघितलं.) तेव्हा गावानं ठरवलं, यंदापासून मान नवाबाला.

माझे अण्णा उभ्या जन्मात कधी पुढच्या रांगेत बसले नाहीत. लग्नात सतरंजी टाकणार, पंगतीत पाणी वाढणार, फोटोत मागच्याच्या मागं. त्या माणसानं देगलूरच्या बाजारातून गुलाबी फेटा आणला होता. संध्याकाळी गोठ्यात जाऊन गुपचूप बांधून बघायचे. आम्हाला दिसले की झटकन सोडून म्हणायचे, "फाटलाय का बघत होतो."

चाचांनी बरोबर नस पकडली. "माणिकराव, सोचो! नवाबाच्या चुन्यानं वेस उभी ऱ्हाणार, आन् त्याच वेशीतनं नवाब पहिला जाणार. क्या शान!"

अण्णा विरघळले. अट एकच. बैलाला काठी लावायची नाही आणि त्याच्याबरोबर फक्त बाल्या राहणार. बाल्या म्हणजे मी. नवाबाची जबाबदारी माझ्यावर! त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवाबाला मागून हाकलेलं चालेना. मागं उभं राहून "हैक" म्हटलं की तो मान वळवून असं बघायचा, की मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. शेवटी मी खिशात गुळाचा खडा ठेवला आणि त्याच्या पुढं चाललो. तो लगेच मागं आला! झालं. मी पुढं, नवाब मागं, चाक त्याच्या मागं.

"चाचा, झालं का बारीक?"

"अजून फिर."

"लोण्यासारखं झालंय की."

"तुझ्या घरचं लोणी तसं असंल. फिर!"

पोळ्यापर्यंत आम्ही दोघं फिरत होतो. माझ्या शर्टाला मुंग्या लागल्या. पायाला इतकी सवय झाली, की घरी काळजीचा विचार आला (म्हणजे रोजच) की मी बाजेभोवती फेऱ्या घालायचो. माय ओरडायची, "बस की एका जागी! बघूनच भोवळ येऊन राहिली मला!"

पण कमान उभी राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी चाचांनी शेवटचा दगड बसवला, वरून हात फिरवला आणि डोळे मिटले. संध्याकाळी अण्णांनी नवाबाचा खांदा हळद-तुपानं मळला. जोखडाचा वळ हाताला लागला तसे ते थांबले, आणि बराच वेळ त्याच जागी अंगठा फिरवत राहिले. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव वेशीबाहेर. हलगी कडकडत होती. बायका घरांच्या माळवदांवर चढल्या होत्या. नवाबाच्या शिंगांना लाल रंग, पाठीवर आरशांची झूल. अण्णांच्या डोक्यावर गुलाबी फेटा आणि हातात कासरा. मागं रांगेत गावचे यच्चयावत बैल. अण्णा चक्क फोटोला हसले!

मी बाजूला उभा होतो, काळजी करत. तेवढ्यात मला वेशीशेजारच्या घाणीपाशी एक बादली आडवी पडलेली दिसली. म्हटलं, कुणाचा पाय अडकायचा. मी बादली उचलायला गेलो. मागून घुंगरांचा आवाज आला.

बघतो तर नवाब!

अण्णांच्या हातातून कासरा सुटला होता आणि मानाचा बैल तोरणाला पाठ करून घाणीवर आला होता. म्हटलं, याच्या पुढं जाऊन याला अडवावं. पुढं गेलो. तो आला. अजून थोडं पुढं गेलो, तो अजून आला. मी पळायला लागलो, तोही दुडकायला लागला. घाणी गोल, त्यामुळे आम्हीही गोल. आणि मानाच्या बैलामागं चालायचं हा तर नियमच. तो कुठं चाललाय हे बघायचा नियम नाही! आमच्या शेजारच्या किसनमामाचा बैल आमच्या मागं आला, त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. बघता बघता सगळा पोळा चुन्याच्या घाणीभोवती फिरायला लागला.

माळवदावरून एका आजीनं हात जोडले. "बाई बाई, बैल प्रदक्षिणा घालतोय गं!" कुणीतरी नारळ फोडला. हलगीवाल्याला वाटलं आपलाच ताल कमी पडतोय. त्यानं वाढवला!

चाचा मात्र हरखले. "अरे जुंपा सगळ्यांना! दोन बादल्या चुना टाकतो, फुकटात दळून होईल!"

"माणिकराव," पाटीलकाका मिशीतून म्हणाले, "टाइम लई चाललाय. ट्रॅक्टर आणू का पुढं?"

अण्णांचा चेहरा उतरला. फेटा सुटून खांद्यावर आला होता. आयुष्यात एकदा मिळालेला मान, तोही घाणीभोवती फिरून चालला होता, आणि त्याच्या सगळ्यात पुढं त्यांचा मुलगा पळत होता!

"एक फटका द्या बैलाला, वळंल सरळ," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आज? पोळ्याला?" अण्णा एवढ्या मोठ्यानं बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. "हात लावून दाखवा त्याला!"

मग ते घाणीच्या मधोमध, चाकाचा दांडा ज्याभोवती फिरतो त्या दगडी खुंटावर चढून उभे राहिले. आमचं सगळं चक्र त्यांच्याभोवती फिरत होतं. त्यांनी नवाबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नवाबाकडे बघितलं.

"बाल्या!"

"अण्णा, थांबवतोय, थांबवतोय! ऐकत न्हाई तो!"

"अरं तो कुठं फिरतोय? तूच फिरून राहिलास! तो तुझ्या मागं चाललाय! थांब!"

मी थांबलो.

नवाब थांबला. त्याच्या मागचा थांबला. मागं मागं सगळे थांबले, हलगीसुद्धा. नवाबानं पुढं येऊन माझ्या खिशात तोंड घातलं. आणि सगळं गाव जे हसलं! म्हातारे तर घाणीच्या कडेला टेकून हसत होते.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. अण्णा खाली उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हळद-तुपाचा होता, अजून वास येत होता.

"आता वेशीकडं तोंड कर. आन् सरळ चाल."

"अण्णा, मी पुढं गेलो तर तोरण माझ्याच डोक्याला लागंल. मान जाईल तुमचा!"

"चाल म्हणलं ना. मी हाय मागं."

मी चाललो. कमानीखाली आलो तेव्हा वर नवा चुना ओला-गार दिसत होता, आणि माझी उंची जरा जास्तच. तोरण कपाळाला लागलं आणि तुटलं. मागून नवाब आत शिरला, त्याच्या शिंगावर आंब्याची पानं लोंबत होती.

लगेच पंचाईत सुरू! पाटीलकाका म्हणाले, तोरण माणसानं तोडलं, मान झालाच नाही. किसनमामा म्हणाला, शिंगाला पानं हायत, म्हणजे बैलानंच तोडलं. कुणी म्हणालं, पुन्हा बांधा. चाचांनी तर कमान पडली नाही याबद्दल स्वतःचाच सत्कार मागितला.

अण्णांनी फेटा पुन्हा डोक्यावर बसवला. सावकाश, सगळ्यांसमोर. "बैल माझा. पोरगं माझं. तोरण कुणीबी तोडू द्या, मान माझ्याच घरी आला," असं म्हणून ते नवाबाला घेऊन चालायला लागले.

घरी मायनं दारात नवाबाला ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग ताट माझ्याकडे वळवलं आणि माझ्याही कपाळाला कुंकू लावलं.

"मला कशापायी, माय?"

"तोरण तोडलंस न्हवं? आ कर!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचांनी मला बुंदीच्या कामावर नेलं. पोटच्या पोरासारखा सांभाळतात. इथल्या मुकादमाकडे मी दर श्रावणात सुट्टी मागतो. पहिल्या वर्षी त्यांनी घाबरून विचारलं, घरी कोण आजारी आहे? मी म्हटलं, कुणी नाही, बैलाच्या पुढं चालायचंय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुट्टी दिली.

काय करणार? नवाब दुसऱ्या कुणाच्या मागं वेशीतून जायला तयारच नाही. अण्णांनी गूळ घेऊन किसनमामाला पुढं चालवून बघितलं, शाळेतल्या मास्तरांनाही चालवून बघितलं. नवाब जागचा हलला नाही. अण्णा फोनवर ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज गुलाबी फेट्यासारखा फुलतो. मी ऐकतो, मला भरून येतं, आणि लगेच काळजीही वाटते. कारण आयुष्यात माझ्यावर भरवसा ठेवून माझ्या मागं चालणारा हा पहिला जीव, आणि त्याला मी भर पोळ्यात, अख्ख्या गावादेखत, गोल गोल फिरवलं!