तीन दिवसांचं सुतक

आत्या गेल्याचा फोन तीर्थपुरीहून आला तेव्हा मी आणि बहीण जुन्या जालन्यात माहेरी होतो. मी मुकाट्याने चटई घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस, एवढं मला माहीत होतं. मी आत्याची लेक आहे हे मला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता बाई गेलीच आहे, तर तेवढं तरी उघड करावं म्हणून बसले.

आई दारातून बघत राहिली. "तू काहून बसलीस? तुला नुसती अंघोळ. ऊठ, जल्दी स्वयंपाकाचं बघ." मग तिने माझ्या बहिणीला हाताला धरून त्याच चटईवर बसवलं. "हिला तीन दिवस."

म्हणजे आत्याची लेक मी नव्हते, ती होती.

आत्याला बाळंतपणात वेड लागलं होतं. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, काकांनी तिला जन्मभर तीर्थपुरीच्या घरी सांभाळलं. तिच्या तान्ह्या मुलीला आईने आपल्याकडे आणलं. हे मला कळलं ते चोरून. आम्हा दोघींत वर्षाचंही अंतर नाही. लहानपणी एका लग्नात आमच्याकडे बघत एक बाई दुसरीला म्हणाली, "त्या येडीची पोर ह्यातलीच एक." कोणती, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. ताट आपटणारी, दप्तर फेकणारी, शेजारच्या पोराला चावणारी मीच. बहीण म्हणजे गरीब गाय. मी चिडले की मोठी माणसं एकमेकांकडे बघत आणि कुणीतरी पुटपुटे, हे कुठून आलं हिच्यात.

त्या लग्नापासून मी राग गिळायला शिकले. मोठेपणी स्वतःवरच पहारा ठेवला. झोप उडाली तरी धडकी, हसू जास्त आलं तरी धडकी. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं, मूल होऊ द्यायचं नाही. नोकरीचं निमित्त केलं. भला माणूस, त्याने ऐकलं. आता माझी पन्नाशी आली.

आणि आत्याची खरी लेक दोन मुलांची आई होऊन मजेत होती. चटईवरून तिने शांतपणे सांगितलं, आईने लग्न ठरलं तेव्हाच तिला सगळं सांगितलं होतं, डॉक्टरकडेही नेलं होतं. जन्मदात्या आईला होतं म्हणून तुला होईलच असं नाही, म्हणाले डॉक्टर. झोप सांभाळा, बाळंतपणात घरच्यांनी लक्ष ठेवा. सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. माझ्यावर लक्ष ठेवायला मात्र मी एकटीच होते.

मला का सांगितलं नाही, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाचा काय भरवसा? रागात तिला बोलून दाखवलं असतंस."

मी कणीक मळायला घेतली. आईबाबांनाही सुतक होतं, म्हणून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून होती. शेवटी मी विचारलं, "मंग माझा राग कुणाचा?"

"माझा," आई म्हणाली. "बिलकुल माझा. सासूपुढं काढायची सोय नव्हती, म्हणून कुणाला दिसला न्हाई. तू ताटं आपटायचीस तवा मला आतून बरं वाटायचं. मंग एकाएकी गप झालीस. मी म्हणलं, शहाणी झाली पोर."

मी परात भिंतीवर फेकली. बहीण दचकली, आई नाही. मग मी ओरडून आईला सांगितलं, मूल का होऊ दिलं नाही ते. सुतक विसरून ती उंबरा ओलांडून आत आली आणि माझे कणकेने माखलेले हात तिने घट्ट धरले.